वडिलांच्या रकान्यात नुसती रेघ

वंशावळ लिहायला बसलेला माणूस तीन-चार पिढ्या मागे गेला की कुठे ना कुठे अडतोच. पणजोबांच्या जन्मनोंदीत वडिलांच्या रकान्यात रेघ मारलेली असते. किंवा तिथे नाव असतं, पण लग्नाच्या नोंदीत भलतंच नाव येतं. कधी कागद सगळे नीट असतात, फक्त आईच्या वयाचा हिशेब लागत नाही. मूल झालं तेव्हा ती बावन्न वर्षांची होती असं निघतं. शिवाय घरात दबक्या आवाजात सांगितली जाणारी एखादी गोष्ट असतेच, की ते खरं तर अमक्या सरदाराचे, तमक्या मालकाचे. (या गोष्टींतला बाप गरीब कधीच नसतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.)

अशा वेळी आपण नाव शोधायला धावतो. पण नाव मिळणं हा या कामातला सोपा भाग आहे. त्या परिसरात त्या वर्षी योग्य वयाचे पुरुष पुष्कळ असतात, आणि एकदा मनात एक नाव बसलं की प्रत्येक कागद त्याच्याकडेच बोट दाखवतोय असं वाटायला लागतं. खरं काम उलट्या बाजूने करायचं असतं. ज्याच्यावर संशय आहे त्याला तूर्त बाजूला ठेवून बाकीचे पुरुष एकेक करून बाद होतात का, ते बघायचं. ते बाद होत नसतील, तर आपल्या हाती फक्त एक उमेदवार आहे.

रेघ कुणी मारली?

रिकामा रकाना पाहिला की 'आईने नाव लपवलं' असं आपण लगेच म्हणतो. त्याआधी त्या देशात, त्या वर्षी, ते नाव लिहिण्याची मुभा तरी होती का हे बघावं. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्मनोंदणी जुलै १८३७ मध्ये सुरू झाली. पहिली काही दशकं अविवाहित आईने सांगितलेलं बापाचं नाव कधी लिहून घेतलं जाई, कधी नाही. १८७४ च्या कायद्याने हा घोळ संपवला. लग्नाबाहेर झालेल्या मुलाच्या नोंदीत वडिलांचं नाव हवं असेल, तर त्या माणसाने आईबरोबर स्वतः येऊन सही करायची, असं ठरलं. म्हणजे तिथल्या १८८० च्या नोंदीतली रेघ आपल्याला एवढंच सांगते, की तो माणूस सही करायला आला नाही. तो कोण हे सगळ्या गावाला माहीत असू शकतं, आणि आईने दुसऱ्या एखाद्या कागदावर त्याचं नाव स्पष्ट सांगितलेलंही असू शकतं.

फ्रान्सचा कायदा याहून कडक होता. १८०४ च्या नागरी संहितेने पितृत्वाचा शोध घेण्यालाच मनाई केली, आणि १९१२ च्या कायद्याने कोर्टात जाण्याची वाट उघडेपर्यंत ती टिकली. त्या शतकातला फ्रेंच पूर्वज 'अज्ञात पित्याचा' म्हणून नोंदलेला असेल, तर त्या शब्दांवरून आईच्या स्वभावाबद्दल काहीच ठरवता येत नाही. स्वीडनमध्ये १७७८ साली, नवजात बाळांच्या हत्या थांबाव्यात म्हणून, बाईला नाव न सांगता बाळंत होण्याची परवानगी मिळाली. त्यामुळे तिथल्या चर्चच्या वहीत कधीकधी आईच अज्ञात असते.

दत्तकाचंही असंच. इंग्लंड-वेल्समध्ये कायदेशीर दत्तकाची सोय १९२६ च्या कायद्याने झाली आणि १९२७ पासून ती अमलात आली. १८९० साली मूल दुसऱ्या घरात वाढलं असेल, तर त्याच्या दत्तकाची सरकारी फाइल शोधण्यात अर्थ नाही. ती कधी बनलीच नव्हती. मूल नात्यात, शेजारी किंवा पैसे देऊन कुणाच्या तरी घरी ठेवलं जाई, आणि काही वर्षांत तिथलंच आडनाव लावू लागे.

नोंद म्हणजे कुणाचा तरी जबाब

जुना कागद बघितला की त्यावर काय लिहिलंय हे आपण वाचतो. ते कुणी सांगितलं हे वाचत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या आईवडिलांची नावं असली, तर ती बहुधा जावयाने किंवा नातवाने सांगितलेली असतात. म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या जन्माबद्दल अशा माणसाने, ज्याचा स्वतःचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. असा दाखला दिसायला सरकारी आणि शिक्क्याचा असला, तरी पितृत्वाच्या बाबतीत तो ऐकीव माहितीच्या पलीकडे जात नाही. आणि अशा तीन कागदांवर एकच नाव आलं म्हणून तीन साक्षीदार होत नाहीत. तिघांनीही ते एकाच आजीकडून ऐकलेलं असेल, तर साक्षीदार एकच.

लग्नाची नोंद आणखी फसवी. इंग्लंड-वेल्समध्ये १८३७ नंतरच्या विवाहनोंदीत नवरा-नवरी दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा लिहायचा रकाना आहे. आता लग्नाबाहेर जन्मलेला तरुण लग्नाला उभा आहे, समोर पाद्री, शेजारी सासरची माणसं, आणि हा रकाना. काहींनी तो रिकामा ठेवला. काहींनी आजोबांचं नाव सांगितलं, काहींनी सावत्र वडिलांचं. काहींनी आईचं आडनाव लावून एक बाप चक्क तयार केला आणि त्याला मृत म्हणून टाकलं. जनगणनेत, दफनाच्या नोंदीत, कुठेच न सापडणारा असा बाप तुमच्या वंशावळीत असेल, तर तो कधी नव्हताच, ही शक्यता आधी तपासा.

मुलीचं मूल आजीआजोबांनी स्वतःचं म्हणून वाढवणं हा तर सर्रास प्रकार. तो पकडण्यासाठी काही जनगणना फार उपयोगी पडतात. इंग्लंड-वेल्सच्या १९११ च्या जनगणनेत विवाहित बायकांना लग्नाला किती वर्षं झाली, एकूण किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत, हे विचारलं होतं. अमेरिकेच्या १९०० आणि १९१० च्या जनगणनेतही मुलांचे आकडे आहेत. बाईने सहा मुलं सांगितली आणि घरात सात 'मुलं' असली, तर सातवं कुणाचं? थोरल्या मुलीचं वय बघा. इंग्लंड-वेल्सच्या जन्मनोंदींच्या सरकारी सूचीत आता आईचं माहेरचं आडनावही दिसतं, आणि अविवाहित आईच्या मुलापुढे त्या जागी फक्त एक आडवी रेघ असते. शेंडेफळ म्हणून वाढलेल्या पणजोबांच्या नावापुढे ती रेघ दिसली, की कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो.

पैसा कुणी दिला?

माझं मत विचाराल तर बापाचा माग जन्माच्या कागदांपेक्षा खर्चाच्या कागदांत चांगला लागतो. मूल कुणाचं, या प्रश्नात शेजाऱ्यांना रस असतो तो कुचाळक्यांपुरता. ज्याच्या खिशातून पैसे जाणार असतात, तो मात्र नाव काढल्याशिवाय राहत नाही.

जुन्या इंग्लंडमध्ये गरिबांना पोसण्याचा खर्च त्या त्या पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गाव-वस्तीवर होता. अविवाहित बाई गरोदर आहे असं कळलं, की पॅरिशचे अधिकारी तिला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करून बापाचं नाव विचारत, आणि त्या माणसाकडून पोषणखर्चाचा करारनामा लिहून घेत. हे जबाब आणि करारनामे अनेक ठिकाणी टिकून आहेत. १८३४ च्या कायद्याने सगळा भार आईवर ढकलला आणि बापाकडून वसुली अवघड केली. १८४४ पासून आईला स्वतःच स्थानिक न्यायालयात खर्चासाठी अर्ज करता येऊ लागला. म्हणून १८२० चं मूल असेल तर पॅरिशची पेटी उघडायची आणि १८६० चं असेल तर न्यायालयाची वही. दोन्हीकडे काही नसेल तर स्थानिक वर्तमानपत्र बघावं, कारण असे दावे त्यात छापून येत, आणि कधी साक्षीपुराव्यासकट.

स्कॉटलंडमध्ये हे काम चर्चची स्थानिक पंचसभा करत असे. अविवाहित आईला बोलावून जाब विचारायचा, तिने नाव घेतलेल्या पुरुषाला बोलवायचं, तो नाकारतोय की कबूल करतोय हे इतिवृत्तात लिहायचं. वाचताना त्या बाईची कीव येते, पण संशोधकाला याहून सविस्तर कागद क्वचितच मिळतो. तिथे १८५५ मध्ये सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर, कोर्टाने कुणाचं पितृत्व ठरवलं तर त्याची टीप दुरुस्त्यांच्या वेगळ्या वहीत केली जाई.

अर्थात शपथेवरचं नावही डोळे मिटून घेऊ नये. आई एखाद्याला वाचवत असेल, किंवा पैसे देऊ शकेल अशा माणसाचं नाव घेत असेल. मालकाच्या मुलाचं प्रकरण नोकराच्या गळ्यात बांधलं गेल्याचीही शक्यता असते. बाकीच्या खुणा लहान असतात, पण जुळायला लागल्या की वजन येतं: मुलाच्या मधल्या नावात अचानक आलेलं परकं आडनाव, बाप्तिस्म्याला हजर असलेले साक्षीदार, मृत्युपत्रात कारण न देता कुणाला तरी ठेवलेली रक्कम.

डीएनए काय सांगतो आणि कुठे गप्प बसतो

कागद रक्ताबद्दल शपथ घेऊ शकत नाही. ते काम डीएनए करतो, पण त्याच्या तीन वाटा आहेत आणि तिन्ही वेगळ्या प्रश्नांना उत्तर देतात. वाय गुणसूत्र बापाकडून मुलग्याकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, म्हणून ते पुरुषांच्या सरळ ओळीपुरतं चालतं. मायटोकाँड्रियातला डीएनए आई सगळ्या मुलांना देते, पण पुढे तो फक्त मुलींमार्फत जातो. गुणसूत्रांच्या उरलेल्या बावीस जोड्यांत मात्र आईवडील दोघांचं मिश्रण असतं.

पहिल्या दोन वाटांची ताकद नाकारण्यात आहे. जर्मनीत न्यूरेंबर्ग इथे १८२८ मध्ये अचानक उगवलेला कास्पर हाउझर हा मुलगा बाडेनच्या राजघराण्यातला पळवलेला राजपुत्र आहे, अशी वदंता जवळजवळ दोनशे वर्षं चालली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा मायटोकाँड्रियल डीएनए त्या घराण्याच्या मातृवंशाशी जुळत नाही असं दिसलं. तो राजपुत्र नव्हता हे कळलं. कोण होता, हे अजूनही कळलेलं नाही.

जुळलं तर काय, याचं सगळ्यात बोधक उदाहरण अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं. त्यांच्या मालकीची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज हिच्या मुलांचे वडील ते स्वतःच, असा प्रवाद त्यांच्या हयातीतच होता. जेफरसनच्या नातवंडांचं म्हणणं वेगळं: मुलं जेफरसनच्या बहिणीच्या मुलांपैकी, कार बंधूंपैकी एकाची. १९९८ मध्ये वाय गुणसूत्राची तपासणी झाली. जेफरसनना पत्नीपासून मोठा झालेला मुलगाच नव्हता, म्हणून त्यांच्या काकांच्या पुरुष-ओळीतल्या वंशजांचे नमुने घेतले. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी ते जुळले, आणि कार घराण्याशी जुळले नाहीत. नातवंडांची गोष्ट तिथेच बाद झाली. पण त्याच तपासणीत दुसरीही एक गोष्ट पडली. थॉमस वुडसन नावाच्या माणसाचे वंशज पिढ्यानपिढ्या आपण जेफरसनचे असं सांगत आले होते. त्यांचं गुणसूत्र जुळलं नाही.

एवढं होऊनही प्रयोगशाळेने 'थॉमस जेफरसन' असं म्हटलेलं नव्हतं. 'जेफरसन घराण्यातला कुणी पुरुष' एवढंच म्हटलं होतं. थॉमस यांच्या धाकट्या भावाचं, रँडॉल्फचं, वाय गुणसूत्र तेच असणार. मग निवड कशी करायची? इथे पुन्हा कागद आले. जेफरसन सतत प्रवासात असत आणि त्यांच्या मुक्कामांच्या तारखा नोंदलेल्या आहेत. सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या जन्मापासून नऊ महिने मागे मोजलं, तर त्या त्या वेळी ते मॉन्टिचेलोच्या घरी होते. शिवाय सॅलीचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये आपले वडील जेफरसन असल्याचं छापील निवेदन दिलेलं होतं. हे सगळं एकत्र ठेवून मॉन्टिचेलो सांभाळणाऱ्या संस्थेच्या समितीने २००० साली सॅलीच्या सर्व मुलांचे वडील तेच असण्याची मोठी शक्यता मान्य केली. डीएनएने घर दाखवलं, तारखांनी त्या घरातला माणूस. आपल्या पणजोबांच्या बाबतीतही शोधाला नेमका हाच आकार येतो.

गुणसूत्र जुळलं नाही, तर लगेच कुणाच्या चारित्र्यावर येऊ नये. सावत्र वडिलांचं आडनाव, नात्यातलं दत्तक, बदललेलं नाव, विधवेच्या आधीच्या लग्नाचं मूल, अशी कितीतरी कारणं असतात. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरमध्ये मिळाला. बहिणीच्या मातृवंशातल्या वंशजांशी मायटोकाँड्रियल डीएनए जुळला, पण पुरुष-ओळीतले म्हणवणाऱ्या वंशजांशी वाय जुळलं नाही. राजघराण्याच्या काटेकोर वंशावळीतही मध्ये कुठेतरी धागा तुटलेला होता. मात्र 'दहातलं एक मूल परक्या बापाचं' हे जे सर्रास फेकलं जातं, त्यावर विश्वास ठेवू नका. बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या जुन्या वंशावळी व वाय गुणसूत्रं ताडून केलेल्या अभ्यासांत हे प्रमाण दर पिढीला सुमारे एक टक्का निघालं. २०१९ च्या अभ्यासात शेतकरी आणि सधन घरांत ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास होतं, तर एकोणिसाव्या शतकातल्या दाटीवाटीच्या शहरांतल्या गरीब कुटुंबांत सहा टक्क्यांपर्यंत गेलं.

आकड्यांचा गोंधळ

आता तिसरी वाट, जी आज बहुतेक लोक चालतात. घरी नमुना घ्यायचा, पाठवायचा, आणि काही आठवड्यांनी हजारो अनोळखी नातेवाइकांची यादी येते. प्रत्येकापुढे सेंटिमॉर्गन या एककात एक आकडा असतो; दोघांत किती डीएनए सामायिक आहे ते तो सांगतो. आईवडील आणि मूल यांच्यात तो सुमारे ३,५०० असतो. चुलत किंवा मामे भावंडांत सरासरी ८७० च्या आसपास. ज्यांचे पणजी-पणजोबा एक, त्यांच्यात सुमारे २३०.

सरासरी हा शब्द इथे घात करतो. समजा तुमच्या आजोबांचे एक भाऊ होते आणि दोघांचे वडील एकच होते का, अशी शंका आहे. तुमची आणि त्या भावाच्या नातवाची तपासणी केली. दोघांचे वडील एक असतील तर आकडा २३० च्या आसपास यावा, आणि फक्त आई एक असेल तर १२० च्या आसपास. आला १६०. याचा अर्थ काय? काहीच नाही. वंशावळीसाठी डीएनए वापरणारे अभ्यासक ब्लेन बेटिंगर यांनी हजारो लोकांकडून गोळा केलेल्या आकड्यांत पहिल्या नात्याची व्याप्ती ४१ ते ५९२ आहे आणि दुसऱ्याची १० ते ३२५. एका जोडीवरून निकाल लावायचा नसतो. दोन्ही शाखांतली चार-सहा माणसं तपासली, की चित्र एका बाजूला झुकतं. आणि शक्य तितक्या वरच्या पिढीची माणसं आधी तपासावीत, कारण दर पिढीला निम्मा डीएनए गळतो. खापरपणजोबांचा तुमच्यात सरासरी सहा टक्के उरतो. खरी नाती असूनही आकडा शून्य येऊ शकतो: चुलत भावंडांच्या नातवंडांमध्ये दहातल्या साधारण एका जोडीत काहीच जुळत नाही.

प्रत्यक्ष शोध असा चालतो. यादीतली जी माणसं आपसांतही जुळतात, त्यांचे गट पाडायचे. वंशावळ-संशोधक डॅना लीड्स यांनी २०१८ मध्ये सुचवलेली, प्रत्येक गटाला एक रंग देण्याची पद्धत यासाठी सोपी आहे. ओळखीच्या आजी-आजोबांचे गट ओळखून बाजूला ठेवले, की एखादा गट उरतो जो कुणाचाच नाही. रेघेमागचा माणूस या गटात दडलेला असतो. मग त्या अनोळखी लोकांच्या वंशावळी तुम्हीच बांधायच्या, त्या सगळ्यांना समान असलेलं एक जोडपं सापडेपर्यंत. असे दोन गट उरले आणि दोन जोडपी मिळाली, तर एकाच्या वंशातला मुलगा आणि दुसऱ्याच्या वंशातली मुलगी यांचं लग्न कुठे झालं ते बघायचं. त्या लग्नातून झालेले मुलगे म्हणजे तुमचे उमेदवार.

भावाभावांतून एक निवडणं हे शेवटचं आणि सगळ्यात चिवट काम. पणजोबांचं एखादं मूल, म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण वगैरे, हयात असेल तर फार बरं. खऱ्या बापाच्या इतर नातवंडांशी तिचा आकडा सरासरी ४५० च्या घरात यायला हवा, त्याच्या भावाच्या नातवंडांशी २३० च्या. तेवढ्याने फरक पडला नाही तर जन्मापासून सुमारे ३८ आठवडे मागे मोजायचं आणि प्रत्येक भाऊ तेव्हा कुठे होता ते शोधायचं. एक सैन्यात परमुलुखी, एक दुसऱ्या खाणीवर, तिसरा त्याच गल्लीत. पिढ्यानपिढ्या आपसांत लग्नं होणाऱ्या समाजात मात्र हे सगळे आकडे फुगतात. तिथे लांबचा नातेवाईकही जवळचा भासतो आणि ही गणितं सावधपणे वापरावी लागतात.

लिहिताना आणि सांगताना

वंशावळीत नाव टाकायच्या आधी कारणमीमांसा पानभर तरी लिहून काढावी: कोणते पुरुष शक्य होते, कोण कशामुळे बाद झाला, विरोधात जाणारा पुरावा कोणता आणि तो का टिकत नाही. लिहिताना भोकं दिसतात. निकाल पक्का नसेल तर 'संभाव्य' हा शब्द नावाला चिकटवूनच ठेवावा, कारण इंटरनेटवरच्या वंशावळी लोक न वाचता उचलतात, आणि एकाचा अंदाज वर्षभरात वीस जणांची माहिती होतो.

डीएनए तपासणी हा फक्त तुमचा निर्णय नसतो. तुमच्या नमुन्यात भावंडांचं, काकांचं, न जन्मलेल्या नातवंडांचंही काही असतं, आणि पणजोबांचा शोध घेताना हयात माणसाच्याच बापाबद्दल नको ते कळू शकतं. नमुना मागताना ही शक्यता आधी सांगायला हवी. फ्रान्समध्ये तर हौसेखातर अशी तपासणी करणं कायद्याने गुन्हाच आहे.

सगळ्यात नाजूक वेळ येते ती जुळलेल्या अनोळखी माणसाला पहिल्यांदा लिहिताना. ज्याला तुम्ही पणजोबांचे वडील ठरवलं आहे, तो त्याच्या घरात भिंतीवरचा सज्जन आजोबा असतो. पहिल्या पत्रात पितृत्वाचा विषय काढू नये. आपला एवढा डीएनए जुळतोय, माझ्याकडचे लोक अमुक भागातले, या दोन आडनावांपैकी एखादं तुमच्याकडे ओळखीचं आहे का, एवढंच विचारावं. उत्तर आलं नाही तर काही महिन्यांनी एकदा आठवण करावी, आणि मग तो दरवाजा सोडून दुसऱ्या चुलत शाखेकडे वळावं.